निरभ्र आकाशातली खळबळ

तिरुपतीजवळच्या गादंकी गावात सुमारे १३० मीटर लांब-रुंद मैदानावर १,०२४ यागी अँटेना ओळीने उभ्या आहेत. एके काळी घरांच्या गच्चीवर दूरदर्शनसाठी असायच्या, त्याच घराण्यातल्या. हा भारताचा एमएसटी (मेसोस्फिअर-स्ट्रॅटोस्फिअर-ट्रोपोस्फिअर) रडार. पवईत मुख्यालय असलेल्या ‘समीर’ संस्थेने तो घडवला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो कामाला लागला.

हवामानखात्याचे नेहमीचे रडार पावसाचे थेंब शोधतात. हा मात्र जिथे ढगाचा ठिपकाही नाही तिथली हवा पाहतो. हवेचे थर घुसळले की तापमान आणि बाष्प यांचे बारीक फरक जागोजागी तयार होतात आणि रेडिओलहरींचा अगदी क्षीण अंश त्यांवरून परततो. रडारची वारंवारिता ५३ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साडेपाच मीटरांहून थोडी जास्त. त्याच्या निम्म्या, पावणेतीन मीटरांच्या आसपासच्या फरकांचा प्रतिध्वनी त्याला ऐकू येतो. हे शक्य आहे, हे पेरूतल्या हिकामार्का वेधशाळेत वुडमन आणि गिलेन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते.

परतलेल्या लहरीची वारंवारिता सरासरी किती सरकली, यावरून वारा कळतो. खळबळ कळते ती त्या सरकण्याच्या विखुरण्यातून. हवेचा प्रत्येक पुंजका वेगळ्या गतीने हलत असेल तर वर्णपट रुंदावतो. ही रुंदी आणि फुग्याने मोजलेले तापमान एकत्र केले, की खळबळीतली ऊर्जा किती वेगाने विरते आहे याचा अंदाज बांधता येतो.

खरे कसब मात्र वजाबाकीत आहे. रडारची शलाका सुमारे तीन अंश रुंद असल्याने आडवा वारा तिच्या दोन कडांना वेगळा भासतो आणि हवेत खळबळ नसली तरी वर्णपट पसरतो; हा पसारा मोजलेल्या रुंदीतून वजा करावा लागतो. पावसाळ्यात सोळा किलोमीटरांच्या आसपास पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह सेकंदाला चाळीस मीटरांपर्यंत जातो, तेव्हा हा खोटा पसारा खऱ्या खळबळीलाही झाकून टाकू शकतो. आणि खळबळीचा अभ्यास करावा असे थर नेमके त्या प्रवाहाच्या वरखालीच, जिथे वाऱ्याचा वेग उंचीनुसार झपाट्याने बदलतो!

कधी वजाबाकीचे उत्तर शून्याखाली येते. अशा नोंदी सरसकट फेकल्या तर दुबळी खळबळ हिशेबातून गळते आणि सरासरी फुगते. म्हणून मला त्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात: त्या कशा हाताळल्या हे लिहिल्याशिवाय खळबळीचा कुठलाही आकडा छापू नये.