कोरियातून आणायचे काय? एका अभ्यास दौऱ्यातील विद्यार्थ्यांची टिपणे

दक्षिण कोरियाच्या आठ दिवसांच्या अभ्यास दौऱ्याहून आम्ही परतलो, तेव्हा भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले होते. सोलची मेट्रो कशी आहे? मालिकांत दाखवतात तसेच आहे का? विद्यार्थ्यांच्या वह्या मात्र वेगळेच काही सांगतात. रोज रात्री प्रत्येकाने अर्धे पान लिहायचे, एवढाच आमचा नियम होता. त्या टिपणांतील महत्त्वाचे मुद्दे येथे मांडत आहोत.

पहिला धक्का: कोरिया ‘बौद्ध देश’ नाही

कोरियात सगळेच बौद्ध असतील, असे आमच्यातील अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात २०१५च्या जनगणनेत तेथील बौद्धांचे प्रमाण सुमारे साडेपंधरा टक्के होते आणि निम्म्याहून अधिक लोकांनी कोणताच धर्म सांगितला नव्हता. इ.स. ३७२ मध्ये गोगुर्यो राज्यात धम्म पोहोचला. पुढे शिल्ला आणि गोर्यो राजवटींत त्याला राजाश्रय मिळाला. १३९२ नंतरच्या जोसन राजवटीने मात्र कन्फ्यूशियसचा विचार राज्याचा पाया मानला. भिक्खूंची गणना हीन वर्गात झाली. त्यांना राजधानीत प्रवेशबंदी होती, ती १८९५ मध्ये उठली. शहरांतील विहार बंद पडले, डोंगरांतले टिकले. एका विद्यार्थिनीने लिहिले, “राजाश्रय गेल्यावरही जे टिकले, तेच पाहायला आपण आलो आहोत.”

नमस्कार आणि भोजनपात्र

२००२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कोरियातील विहारांनी पाहुण्यांसाठी मुक्कामाची योजना सुरू केली. आम्हीही एक रात्र विहारात राहिलो. पहाटे १०८ नमस्कार होते. येथे आमच्यात मतभेद झाले. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्यांनी हे करावे का? काही जण शांत बसून राहिले, कोणी त्यांना टोकले नाही. नंतर भिक्खुणींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की हे मागणे नव्हे, अहंकार खाली ठेवण्याचा सराव आहे. सर्वांना ते पटले असे नाही. पण प्रश्न विचारता आला आणि उत्तर मिळाले, हेही शिक्षणच.

भोजनाचा नियम मात्र सर्वांनाच पटला. पात्रात घेतलेले सगळे संपवायचे, मग त्याच पात्रात पाणी घेऊन ते धुवायचे आणि ते पाणीही पिऊन टाकायचे. आपल्याकडे भोजनदानानंतर पडलेले उष्ट्या पत्रावळींचे ढीग आम्हाला आठवले.

हेइन्साचे लाकडी ठसे

गया पर्वतावरील हेइन्सा विहारात त्रिपिटक कोरलेले ८१ हजारांहून अधिक लाकडी ठसे आहेत. पहिला संच १२३२ मध्ये मंगोल आक्रमणात जळाला. युद्ध चालूच होते, तरी लोकांनी नवा संच कोरायला घेतला आणि १२५१ मध्ये तो पूर्ण केला. हे ठसे ठेवलेल्या इमारतीच्या भिंतींत खालच्या-वरच्या खिडक्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवल्या आहेत, म्हणजे हवा खेळती राहते आणि लाकूड कुजत नाही. शब्द जपायचे तर श्रद्धा पुरत नाही, व्यवस्था लागते, हे आम्हाला तेथे कळले.

जिंजूचा तराजू

आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते जिंजू शहर. कोरियातही अस्पृश्यतेसारखी प्रथा होती. जनावरे कापणारे, कातडे कमावणारे, टोपल्या विणणारे ‘पेकजोंग’ वेगळ्या वस्तीत राहत. १८९४ मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला, पण अपमान थांबला नाही. त्यांच्या मुलांना शाळेत घेत नसत. अखेर एप्रिल १९२३ मध्ये जिंजूत ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभी राहिली. तिच्या नावातच तराजूचा अर्थ आहे. मांस तोलणाऱ्यांनी माणसालाही समान तोला, असे सांगितले. महाडच्या चार वर्षे आधी! १९३५ नंतर ही चळवळ ओसरली. पेकजोंग ही ओळख आज तेथे जवळपास दिसत नाही. वंशजांनी ती लपवली, कारण ती सांगणे परवडणारे नव्हते.

त्या रात्री वह्यांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: आपली आठवण कोण जपणार?

मग आपण काय करायचे?

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे त्या दिवसाची जी आठवण आहे, ती कोणत्याच पुस्तकात नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी ठरवले की प्रत्येकाने तीन ज्येष्ठांशी बोलून ते ध्वनिमुद्रित करायचे. गाव कोणते, प्रवास कसा केला, घरातल्या देवांचे काय केले, परतल्यावर गावाने कसे वागवले, हे विचारायचे. जुनी पत्रके, छायाचित्रे, विहाराच्या वर्गणीच्या वह्या यांचे फोटो काढून तारखेसह ठेवायचे.

एका विद्यार्थ्याने सुरुवात आपल्या आजीपासून केली. दीक्षेसाठीचे पांढरे लुगडे तिने शेजारणीकडून उसने आणले होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. एवढ्या वर्षांत कोणी विचारलेच नव्हते.

यासाठी कोरियाला जायची गरज नाही. मोबाइल आणि एक दुपार पुरे. आपल्या वस्तीतील ज्येष्ठांकडे या रविवारीच जा.

जय भीम! नमो बुद्धाय!