डॉक्टर स्वतःला किती गुण देतात?

‘समजलं का?’ विचारलं की वर्गातले सगळे हात वर होतात. फळ्यापाशी बोलावलं की खरं कळतं. आम्हा शिक्षकांना हे रोजचंच.

डॉक्टरांनाही असंच विचारतात: सलाइनची सुई लावणं, टाके घालणं कितपत जमतं? एक ते पाचपैकी आकडा स्वतःच निवडायचा. ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ च्या मोजपट्टीवरून आली. पण २००६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या आढाव्यात, डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि इतरांनी केलेली तपासणी यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये फारसा मेळ नव्हता किंवा उलटाच कल होता. काही अभ्यासांत तर कौशल्यात सर्वांत कच्चे आणि सर्वांत निर्धास्त असलेल्यांचाच अंदाज जास्त चुकला!

म्हणून मोजपट्टी टाकाऊ नाही. नवख्याने ‘दोन’ लिहिलं तर भीती कुठे आहे ते कळतं, सराव देता येतो. ‘पाच’ लिहिणाऱ्याचा हात मात्र कुणीतरी पाहायलाच हवा. सुई टोचली जाणार ती आपल्या अम्मीच्या हाताला.

२०१९ पासून देशभर एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आहे, आपल्या घाटीतल्या महाविद्यालयालाही तोच. कौशल्य करून दाखवायचं, मग वहीत शिक्षकाची सही. आम्हाला ‘पाच’पेक्षा ती सही मोलाची वाटते, अर्थात न पाहता केलेली नसेल तर.