परीक्षानळी घेऊन दारोदारी

गावातलीच, शाळा शिकलेली मुलगी दारात येते. घरातल्या मोठ्यांचा रक्तदाब मोजते आणि लघवीचा नमुना मागून घेते. त्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकल्यावर गढूळपणा आला, तर अल्ब्युमिन जात असल्याची शंका. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणासह उकळल्यावर हिरवा, पिवळा किंवा विटकरी रंग आला, तर साखर. तपासणी एवढीच, खर्च काही पैशांचा!

चेन्नईजवळच्या सुमारे पंचवीस हजार वस्तीच्या खेड्यांत किडनी हेल्प ट्रस्टने हा उपक्रम राबवला. त्यामागे होते डॉ. एम. के. मणी. चेन्नईच्या अपोलो रुग्णालयात जाण्यापूर्वी ते मुंबईच्या जसलोकमध्ये मूत्रपिंडविकारतज्ज्ञ होते. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, तेही जन्मभर. शेतमजुराच्या घराला हे कसे पेलणार? मग ती निकामी होऊच नयेत, हाच मार्ग उरतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्यामागची दोन मोठी कारणे; दोन्ही वर्षानुवर्षे मुकाट पोखरणारी.

तपासणीत दोष आढळलेल्यांना डॉक्टर पाहत. औषधेही जुनी, स्वस्त : रक्तदाबासाठी रेसरपिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, रक्तदाबाच्या शंभरातील नव्वदहून अधिक रुग्णांचा दाब आटोक्यात आला आणि निम्म्याहून अधिक मधुमेहींची साखरही. खर्च, वस्तीतल्या माणशी वर्षाला डॉलरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी!

यश केवळ गोळीचे नव्हे. काही दुखत नाही, मग गोळी कशाला, असे म्हणून रुग्ण औषध सोडतो. अशा वेळी दाराशी पुन्हा येणारे ओळखीचे माणूसच उपयोगी पडते. तमिळनाडू सरकारनेही ऑगस्ट २०२१ मध्ये 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही योजना सुरू केली. अर्थ : लोकांच्या शोधात निघालेली वैद्यकसेवा. त्यात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या घरपोच मिळू लागल्या.

तुमच्या घरी कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे? मग वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्या. आणि बरे वाटते म्हणून, डॉक्टरांना न विचारता, गोळी मात्र बंद करू नका.