रंग टिपणारे चुंबकीय कण

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला आणि ती बातमी राज्यभर गाजली. असाच रंग सांडपाण्याबरोबर नाल्यात, तेथून उल्हास नदीत वा खाडीत गेला तर काय होईल? लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम रंगद्रव्य असले तरी पाणी रंगीत दिसते. सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही व पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. शिवाय कापड उन्हाने किंवा साबणाने विटू नये म्हणून रंग मुद्दाम टिकाऊ बनविलेले असतात. कापडावरचा हा गुण पाण्यात अवगुण ठरतो. जीवाणूंनाही अशा रंगांचे विघटन सहजासहजी करता येत नाही.

मग रंग काढावा कसा? शाई मिसळलेल्या पाण्यात सक्रियित कोळशाची पूड ढवळून ते गाळले, तर पाणी फिके होते. रंगाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेला पृष्ठशोषण म्हणतात. अर्थात पृष्ठभाग जितका मोठा, तितका रंग अधिक टिपला जाणार.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते, म्हणजे कबड्डीच्या चार मैदानांहून अधिक! (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.) पण इतके बारीक कण तळाशी लवकर बसत नाहीत आणि साध्या गाळणकागदातूनही निसटतात. मग ते परत मिळवायचे कसे?

येथे चुंबक मदतीला येतो. फेरस आणि फेरिक क्षारांच्या मिश्र द्रावणात अमोनियाचे द्रावण घातले की मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचा काळा साका मिळतो. त्याच्या कणांवर आम्लधर्मी पाण्यात साधारणपणे धनभार असतो, तर अल्कधर्मी पाण्यात ऋणभार. म्हणून पहिल्या स्थितीत ते काँगो रेडसारखा ऋणभारित रंग ओढतात, दुसरीत मेथिलीन ब्ल्यूसारखा धनभारित रंग. नंतर भांड्याला बाहेरून जोरदार चुंबक लावला की रंगासह कण कडेला गोळा होतात व पाणी ओतून घेता येते. चुंबक दूर करताच एवढ्या लहान कणांचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते. त्यामुळे धुऊन घेतलेले कण पुन्हा पाण्यात पसरतात आणि पुन्हा कामाला येतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. रंग येथे नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. धुण्याच्या थोड्या पाण्यात तो एकवटतो आणि त्याची विल्हेवाट लावावीच लागते. शिवाय कारखान्याच्या सांडपाण्यात क्षार, साबण आणि अनेक रंग एकत्र असतात; तेही कणांवरील जागा अडवतात. म्हणून प्रयोगशाळेतील चंचुपात्रात साधलेले यश नाल्याकाठी तसेच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता तुम्हीच गणित करा: वरील घनाचे तुकडे ५ नॅनोमीटर बाजूचे केले, तर पृष्ठफळ किती होईल?