कायदा आणि त्याची कार्यवाही : मैलासफाई निर्मूलनाच्या धोरणाचा एक अभ्यास

लोककल्याणाचे धोरण ठरविणे आणि ते प्रत्यक्षात उतरविणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिली क्रिया संसदेत किंवा मंत्रालयात पूर्ण होते. दुसरी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात, तहसील कचेरीत, कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकात आणि शेवटी एखाद्या गल्लीतील गटारापाशी पूर्ण व्हावयाची असते. विकसनशील देशांत या दोन टोकांमधील अंतर मोठे असते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु ते अंतर नेमके कोठे आणि कसे निर्माण होते, याची चिकित्सा क्वचितच केली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना या प्रश्नाला स्पर्श केला होता. संविधानाचा एकही शब्द न बदलता, केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून, त्याचा मूळ हेतू विफल करता येतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. हे विधान कायद्यांनाही तितकेच लागू पडते. प्रस्तुत लेखात हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेच्या निर्मूलनाचे उदाहरण घेऊन या विधानाचा अर्थ तपासावयाचा आहे.

१. पूर्वेतिहास

या प्रश्नाची शासनदरबारी दखलच घेतली गेली नाही, असे म्हणता येत नाही. तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली आणि १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे केंद्र सरकारने १९५७ मध्ये प्रा. एन. आर. मलकानी यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९६० मध्ये सादर झाला. डोक्यावरून मैला वाहून नेणे बंद व्हावे, पाटीचे संडास जावेत, या कामगारांना घरे व शिक्षण मिळावे, अशा दिशेने या समित्यांनी विचार मांडला. म्हणजे काय करावयाचे, हे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तपातच ज्ञात होते. तरीही प्रथेला बंदी करणारा केंद्रीय कायदा होण्यास १९९३ साल उजाडावे लागले. ज्ञान होते, अहवाल होते. परंतु शिफारस स्वीकारण्याचे बंधन कोणावर नव्हते. चौकशी समिती नेमणे हीच कृती मानली गेली आणि अहवालाबरोबर ती संपली.

२. १९९३ चा कायदा : रचनेतील दोष

मैला वाहणाऱ्यांना कामावर ठेवण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय राज्यसूचीतील असल्याने तो संविधानाच्या अनुच्छेद २५२ अन्वये, काही राज्यांच्या ठरावांच्या आधारे करण्यात आला. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, आंध्र प्रदेश, त्रिपुरा व पश्चिम बंगाल ही ती सहा राज्ये होत. या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत तो २६ जानेवारी १९९७ रोजी अंमलात आला. अन्य राज्यांनी स्वतः ठराव करून तो स्वीकारावयाचा होता. अर्थात संमती आणि अंमल यांच्यामध्येच साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि उर्वरित देशात तो राज्यांच्या मर्जीवर राहिला.

यापेक्षा गंभीर दोष तक्रारीच्या तरतुदीत होता. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घ्यावयाची ती केवळ कार्यकारी प्राधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या तक्रारीवरून, असे कलम होते. ज्या स्त्रीच्या डोक्यावर पाटी होती, तिला स्वतः न्यायालयाचे दार ठोठावता येत नव्हते. उलट, अनेक ठिकाणी या कामाला माणसे लावणारी संस्था नगरपालिका किंवा शासनाचाच एखादा विभाग होती. शासनाने शासनाविरुद्ध तक्रार करावी, अशी ही अपेक्षा होती. शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही इतकी असली, तरी कायद्याच्या संपूर्ण कारकिर्दीत शिक्षेची उदाहरणे शोधूनही हाती लागत नाहीत.

तिसरा दोष विभागणीचा. संडासांचे रूपांतर करण्याचा पैसा एका मंत्रालयाच्या योजनेतून, तर कामगारांच्या पुनर्वसनाचा पैसा दुसऱ्या मंत्रालयाच्या योजनेतून येत असे. एका गावात संडास बदलले जात आणि तेथील स्त्रिया उपजीविकेवाचून राहत. दुसऱ्या गावात कर्ज दिले जाई, पण संडास तसेच राहत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००३ मध्ये या पुनर्वसन योजनेची तपासणी केली. सहाशे कोटींहून अधिक रुपये खर्चूनही दहा वर्षांत तिचे उद्दिष्ट साध्य झाले नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निधीचा अभाव हेच अपयशाचे कारण असते, या सार्वत्रिक समजुतीला हे उदाहरण छेद देते.

३. गणनेचा प्रश्न

त्याच वर्षी सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेने व अन्य याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीत अनेक राज्यांनी आपल्याकडे ही प्रथा अस्तित्वातच नाही, अशी शपथपत्रे दिली. याचिकाकर्त्यांना छायाचित्रे व प्रत्यक्ष पाहणीच्या नोंदी सादर करून ते खोडावे लागले. पुढे २०११ च्या जनगणनेत घरांची नोंद झाली, तेव्हा ज्या संडासांतील मैला माणसे उचलतात, असे ७,९४,३९० संडास आढळले.

यातून एक कोडे उभे राहते. त्याच सुमाराच्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत ग्रामीण भागात असे काम करणारी व्यक्ती असलेली सुमारे १ लाख ८० हजार कुटुंबे नोंदली गेली आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. मात्र २०१३ व २०१८ या वर्षांच्या विशेष सर्वेक्षणांत मिळून देशभर ५८,०९८ व्यक्तींचीच ओळख पटविण्यात आली. संडास लाखांनी आणि ते साफ करणारे हजारांनी, हे कसे?

याचे उत्तर आकडेमोडीत नाही, उत्तरदायित्वात आहे. जनगणनेचा प्रगणक केवळ नोंद करतो. त्या नोंदीमुळे त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. विशेष सर्वेक्षणात मात्र कामगाराचे नाव मान्य करणारा स्थानिक अधिकारी, आपल्या हद्दीत गुन्हा चालू होता आणि आपण तो रोखला नाही, असेच लेखी कबूल करीत असतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचे काम ज्याच्यावर सोपविले आहे, तो शून्य लिहिणे पसंत करतो. धोरणाच्या यशाचे मोजमाप करणारा आणि अपयशाबद्दल जबाब देणारा अधिकारी एकच असेल, तर आकडे विश्वसनीय राहू शकत नाहीत.

या सर्वेक्षणातील आणखी एक माहिती लक्षणीय आहे. ज्या ४३,७९७ व्यक्तींच्या जातीची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींच्या होत्या. कायद्याच्या दृष्टीने हा व्यवसाय असेल; समाजव्यवस्थेच्या दृष्टीने तो जन्मच आहे.

४. व्याख्येचा प्रश्न

नवा कायदा २०१३ मध्ये झाला आणि तो ६ डिसेंबर २०१३ रोजी अंमलात आला. संसदेने तो तत्कालीन जम्मू-काश्मीर वगळता सर्व देशासाठी केला. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरला. उघडी गटारे, खड्डे व रेल्वेमार्ग यांचा व्याख्येत समावेश झाला. गटारांची व सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई करून घेणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

विनयपिटकाच्या अभ्यासकांस येथे पञ्ञत्ति व अनुपञ्ञत्ति यांचे स्मरण होईल. एखादा नियम घालून दिल्यावर व्यवहारात त्यातील उणीव उघड झाली, की मूळ नियमास पुरवणी जोडली जाई. नियम हा अनुभवाने शोधावयाचा असतो, ही त्यामागील दृष्टी. या अर्थाने २०१३ चा कायदा ही १९९३ च्या कायद्याची अनुपञ्ञत्तिच होय. परंतु विनयात पुरवणी उणिवेच्या पाठोपाठ येई. येथे वीस वर्षे लागली.

नव्या कायद्यातही एक वाट मोकळी राहिली. शासनाने अधिसूचित केलेली साधने व संरक्षक पोशाख वापरून सफाई करणारी व्यक्ती या व्याख्येत येत नाही. कागदोपत्री हातमोजे दिले, की मैला वाहणारा तो राहत नाही. व्याख्येतील या फरकाचा परिणाम आकड्यांवर कसा होतो, ते पाहावे. २०२१ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले, की हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. दुसरीकडे जुलै २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून गटारांच्या व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईत ३३९ जणांचा मृत्यू झाला होता. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर आहेत. मृतांना मात्र या भेदाचा काही उपयोग नाही.

नावांविषयीचा हा सावधपणा जुनाच आहे. पालि वाङ्मयात ज्या कामांना हीन मानले जाई, त्यांत ‘पुप्फछड्डक’ हा शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ वाळलेली फुले टाकणारा. थेरगाथेतील सुनीत थेर पूर्वायुष्यात हेच काम करीत होते. शब्द फुलांचा असला, तरी समाजातील स्थान कोणते होते, हे त्या गाथा सांगतातच. आज ‘सफाईमित्र’ असा शब्द रूढ होत आहे. त्यामागील सद्भावाविषयी शंका नाही. परंतु नाव बदलणे आणि स्थिती बदलणे या एकच गोष्टी नव्हेत.

गटारातील मृत्यू कसे घडतात, हेही समजून घेतले पाहिजे. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाईड व मिथेन हे वायू साचतात आणि प्राणवायू कमी होतो. उतरलेला पहिला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो; त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणूनच एका टाकीत दोघे-तिघे मृत्यू पावल्याच्या बातम्या येतात. खाजगी गृहसंस्था कंत्राटदाराला बोलावते, कंत्राटदार नाक्यावरून माणसे आणतो आणि अपघातानंतर जबाबदार कोण, याचा वाद सुरू होतो. मुंबईतील अशाच एका प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन मृत कामगारांच्या पत्नींना भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनास दिला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निर्णयात १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात ती तीस लाख करण्यात आली. तथापि भरपाई ही मृत्यूनंतरची कार्यवाही आहे. कायद्याचा हेतू मृत्यू टाळण्याचा होता.

५. पुनर्वसनाचा पेच

ओळख पटलेल्या व्यक्तीस एकरकमी ४० हजार रुपये, कर्ज व कौशल्य प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. रोख रक्कम वाटणे प्रशासनाला सोपे असते, कारण तिची नोंद एका दिवसात पूर्ण होते. परंतु त्या व्यक्तीने दुकान काढले, तर तिच्या हातचा चहा गावाने प्यावयास हवा. याची तरतूद कोणत्याही योजनेत नसते.

महाराष्ट्रातील लाड-पागे समितीच्या शिफारशींचे उदाहरण येथे विचारार्ह आहे. त्यांनुसार सफाई कामगाराच्या वारसास नोकरीत प्राधान्य मिळते. कंत्राटी पद्धतीच्या काळात या कायम नोकरीचे मोल फार मोठे आहे आणि ती गमावण्यास सांगण्याचा अधिकार सुरक्षित नोकरी असलेल्या कोणासही नाही. पण त्याच तरतुदीने पदवीधर मुलाच्या हाती बापाचा झाडू दिला जातो, हेही खरे. सुरक्षितता आणि मुक्ती यांची निवड त्या कुटुंबावर सोडून धोरण बाजूला होते. वारसाला त्याच्या शिक्षणानुरूप अन्य पदावर घेण्याची वाट जेथे खरोखर खुली असेल, तेथेच हा पेच सुटू शकेल.

६. निष्कर्ष

या इतिहासात यशाची उदाहरणेही आहेत. रेल्वेने डब्यांत जैव-शौचालये बसविल्यापासून रुळांवर मैला पडण्याचे मूळ कारणच मोठ्या प्रमाणात दूर झाले. तेथे कोणाच्या सद्बुद्धीवर विसंबावे लागले नाही. कामाची गरज उरणार नाही अशी रचना केली गेली. याउलट २०१४ नंतर ग्रामीण भागात कोट्यवधी शौचालये बांधली गेली. त्यांपैकी ज्यांना सेप्टिक टाकी किंवा एकच खड्डा आहे, ती केव्हातरी भरणारच. ती कोण उपसणार, याचा विचार बांधतानाच व्हावयास हवा होता.

तेव्हा कोणत्याही धोरणाविषयी चार प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. तक्रार करण्याचा अधिकार पीडिताला आहे काय? मोजणारा आणि जबाब देणारा अधिकारी वेगळा आहे काय? व्याख्येतून कोण निसटते? आणि योजना संपल्यावर त्या माणसाचे गावातील स्थान बदलते काय? केंद्राची ‘नमस्ते’ ही २०२३-२४ पासूनची योजना यांत्रिक सफाईवर भर देते. तिचीही परीक्षा याच प्रश्नांनी व्हावी.

ही परीक्षा घेण्यासाठी मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. आपल्या नगरपालिकेकडे टाक्या उपसण्याची किती यंत्रे आहेत, ती अरुंद गल्ल्यांत पोहोचतात काय, कंत्राटी कामगारांची नोंद आहे काय, मागील मृत्यूंची भरपाई दिली गेली काय आणि गुन्हा नोंदला गेला काय, ही माहिती माहिती अधिकाराच्या एका अर्जाने मागता येते. आपल्या इमारतीची टाकी पुढच्या वेळी उपसली जाईल, तेव्हा आत माणूस उतरणार नाही, एवढे पाहणे तर प्रत्येक गृहसंस्थेच्या हाती आहे.