बॉब कूझी : पास देणाऱ्याची थोरवी

बॉब कूझीची शूटिंगची अचूकता शंभरात जेमतेम साडेसदतीस होती, हा एकच आकडा दप्तरातून काढून दाखवायचा आणि बोस्टन सेल्टिक्सच्या या खेळाडूला चेंडूच्या कसरती करणारा म्हणून निकालात काढायचे, ही बास्केटबॉलवर लिहिणाऱ्या काही मंडळींची जुनी रीत आहे; आणि या मंडळींशी माझा वादही तितकाच जुना आहे. गुण कोणाच्या नावावर जमा झाले एवढेच जो पाहतो, त्याला कूझी कळणार नाही. ते गुण घडवून कोणी आणले हे जो पाहील, त्याला १९५३ ते १९६० असे सलग आठ हंगाम असिस्टच्या, म्हणजे ज्यांवर लगेच बास्केट झाली अशा पासांच्या, यादीत अग्रस्थानी राहिलेल्या या पुरुषाच्या कर्तृत्वाचा निराळा दाखला लागणार नाही.

पूर्ववृत्त थोडक्यात उरकतो. फ्रेंच स्थलांतरितांच्या घरी १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म. बालपणी झाडावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हा डाव्या हाताला लागलेली आणि पुढे जन्मभराची पुंजी ठरलेली सवय. होली क्रॉस महाविद्यालयाकडून १९४७ चे राष्ट्रीय अजिंक्यपद. १९५० साली शिकागोचा संघ मोडला, त्याच्या तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत पडल्या, आणि सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी आधी नाकारलेला कूझी मालक वॉल्टर ब्राउन यांच्या हाताला लागला.

त्या काळी चेंडू दाबून बसणे हाही डावपेच मानला जाई. १९५० मध्येच फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असे हरवले होते. १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या आत शूट करण्याचा नियम आला आणि खेळ धावू लागला; परंतु धावणाऱ्या खेळाला दिशा देणारी दृष्टी नियमाने येत नाही, ती कूझीपाशी होती. सेल्टिक्सच्याच बिल रसेलने बास्केटखाली रिबाउंड घेऊन चेंडू बाहेर फेकावा, सहा फूट एक इंच उंचीच्या कूझीने तो घेऊन कोर्टच्या मधोमध मुसंडी मारावी, एका बाजूने बिल शारमन आणि दुसऱ्या बाजूने टॉम हाइन्सन धावत असावेत, बचाव करणाऱ्याने कूझीच्या नजरेचा माग काढीत शारमनकडे वळावे आणि तेवढ्यात पाठीमागून फिरवलेला चेंडू हाइन्सनच्या हाती पोचलेला असावा! २७ फेब्रुवारी १९५९ रोजी मिनियापोलिसविरुद्ध त्याने असे २८ असिस्ट दिले आणि बोस्टनचे १७३ गुण झाले.

कूझीने बोस्टनकडून जिंकलेली सहाही विजेतेपदे रसेल संघात आल्यानंतरची, असा आक्षेप घेतला जातो. आकडा खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. रसेल महाविद्यालयात शिकत होता तेव्हाच कूझी असिस्टमध्ये पहिला होता, आणि रसेलच्या रिबाउंडचे चीज व्हायला चेंडू पुढे नेणारा कोणीतरी हवाच होता.

इतरांना पुढे करण्याची हीच वृत्ती कूझीच्या कोर्टबाहेरच्या कामगिरीतही दिसते. स्वतःचे स्थान पक्के असताना १९५४ साली त्याने इतर संघांतील खेळाडूंना पत्रे लिहून त्यांची संघटना उभारली. पंचाने सामना चालू असताना खेळाडूवर बसवायचा १५ डॉलरचा दंड रद्द व्हावा, प्रदर्शनीय सामन्यांचे पैसे मिळावेत, अशा मागण्या लीगपुढे ठेवल्या आणि १९५७ मध्ये संघटनेस मान्यता मिळवली. त्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. परंतु माझ्या लेखी या दोहोंत संघटनेचे मोल अधिक आहे. 

आज मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर पाहावे, तर चेंडू हाती येताच प्रत्येक पोरगा दुरूनच शूट करतो, मोकळा साथीदार हात वर करून ताटकळत राहतो, आणि प्रशिक्षकही बास्केट झाली की टाळ्या वाजवतात. हा दोष मुलांचा नाही, त्यांना फक्त गुण मोजायला शिकवणाऱ्यांचा आहे. साथीदार कुठे मोकळा होणार हे त्याच्याआधी ओळखणे, ही या खेळातली पहिली विद्या होय. शूटिंग तिच्यानंतर शिकवावे, असे माझे आजही ठाम मत आहे.