शाळूच्या कण्या आणि वाटीभर ताक

साताऱ्याचे माण-खटाव आणि सांगलीचे आटपाडी-जत हे कमी पावसाचे तालुके. इथलं मुख्य पीक शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक कालवायचं, किंवा पीठ रात्रभर ताकात आंबवून सकाळी आंबील करायची, ही इथली जुनी रीत. तिला गरिबीचं जेवण म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी या जोडीचं रसायन समजून घ्यावं.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी असतं आणि ते आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही. दुधाच्या प्रथिनांत ते भरपूर. त्यामुळे कण्यांवर ताक पडलं की ज्वारीची उणीव भरून निघू लागते. आंबवण्याचा फायदा वेगळाच. ज्वारीतलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त अडकवून ठेवतं. पीठ आंबताना त्यातलं काही मोडतं आणि ही खनिजं थोडी मोकळी होतात.

विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. साखर घटते, म्हणून दूध न पचणाऱ्या अनेकांना ताक सोसतं. घुसळताना स्निग्धांशाच्या कणांवरचं आवरण फाटतं, कण एकत्र येऊन लोणी वर येतं आणि अ जीवनसत्त्व बरंचसं त्याच्याबरोबर जातं. प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-2 मात्र मुख्यतः ताकात उरतात.

कढी फुटते तीही या लॅक्टिक आम्लामुळेच. आंबट ताक तापलं की प्रथिनांच्या गुठळ्या होतात; बेसनातला स्टार्च त्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. म्हणून बेसन गार ताकातच कालवावं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहावं.

पण ताकाची भलतीच थोरवी सांगणंही बरोबर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम ताकात सुमारे 15 कॅलरी, 0.8 ग्रॅम प्रथिनं आणि 30 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे. म्हशीच्या तेवढ्याच दुधात कॅल्शियम 210 मिलिग्रॅम. पाणी वाढलं की पोषण आणखी विरळ होतं. उन्हातून आल्यावर मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक जरूर प्यावं, पण मुलांच्या हाडांसाठी त्यावर भिस्त ठेवू नये. त्यांना घट्ट ताक द्या, तेही कण्यांत किंवा आंबिलीत. घरात कुणाला रक्तदाब असेल तर मीठ मात्र हात राखून घाला.